नाशिकची नामावळी आणि युटाच्या डायऱ्या

"तुम्ही पक्के पुणेकर, मग त्या मॉर्मन लोकांच्या डायऱ्या कशाला वाचत बसता? धर्म वगैरे बदलताय की काय?" लग्नकार्यात भेटणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. मॉर्मन म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. आता विचारलंतच म्हणून सांगतो.

वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो. उपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, नामावळी काढली आणि पणजोबांची मोडीतली सही माझ्यापुढे धरली. घरात पणजोबांचा एक कपटाही नाही. सगळं केव्हाच रद्दीत गेलं. त्या सहीने मला नादाला लावलं. पुढे कळलं की हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांच्या मायक्रोफिल्म काढायचं काम १९७७ साली अमेरिकेतल्या एका संस्थेने सुरू केलं. युटाची जीनिऑलॉजिकल सोसायटी; १८९४ सालची, मॉर्मन चर्चची. मेलेल्या पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेता येतो असं हे लोक मानतात, आणि त्यासाठी नाव पक्कं माहीत असावं लागतं. आपल्याकडे श्राद्धाला भटजी तीन पिढ्यांची नावं विचारतात आणि आपण तिसऱ्या नावाला अडखळतो, ते आठवलं.

६ एप्रिल १८३० रोजी त्यांचं चर्च स्थापन झालं, आणि नोंदी ठेवायचा आदेश त्याच दिवशीचा. साध्या माणसांनीही तो मनावर घेतला. पॅटी सेशन्स ही सुईण. १८४६ साली इलिनॉयमधलं नावू शहर सोडून सगळे मॉर्मन पश्चिमेला निघाले, तेव्हापासूनची तिची डायरी आहे. कुणाचं बाळंतपण केलं, मुलगा की मुलगी, हवा कशी होती, बस्स. तत्त्वज्ञान नाही की उपदेश नाही. मला पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा हे जास्त खरं वाटतं.

आणि मग या कागदांत मला पुणे सापडलं! ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला, तिथून पुण्याला आला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत उपदेश करायला मनाई केली, तरी त्याने जेमतेम डझनभर माणसांची शाखा उभी केलीच. मी रोज ज्या कॅम्पातून स्कूटर हाकतो, तिथली ही गोष्ट. ती कळते ती त्याने लिहून ठेवलेल्या रोजनिशीमुळे आणि पत्रांमुळे.

मुंबईची एलिझाबेथ झेवियर मात्र माझ्या मनातून जात नाही. ब्रिटिश पलटणीतल्या विल्यम टेटची ही बायको. नवरा आधी युटाला गेला, ती मागून निघाली. तान्ही मुलगी प्रवासात दगावली. १८५६ साली विली तुकडीबरोबर, म्हणजे सामानाच्या हातगाड्या ओढत पायी युटाला निघालेल्या मॉर्मनांबरोबर, ती चालत होती. ही तुकडी उशिरा निघाली होती. वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं, धान्य संपलं, साठाहून जास्त माणसं गेली. उरलेली ९ नोव्हेंबरला सॉल्ट लेक सिटीत पोचली. त्यांत ती होती. तिथून नवऱ्याबरोबर आणखी चारेकशे किलोमीटर दक्षिणेला सीडर सिटीला. मुंबईच्या उकाड्यात वाढलेली बाई!

माझ्या वाचनात आलेली तिची हकीकत वंशजांनी टिपून ठेवलेली आहे, आणि तिथेच मला खडा लागतो. काही टिपणांत ती ब्राह्मण घराण्यातली म्हणून येते. झेवियर आडनावाची ब्राह्मण? मला तरी वसई किंवा गोवा दिसतो. पणतवंडांना आजी जरा थोर कुळातली हवी असते, हे आपल्याला काही नवीन नाही. आमच्याकडेही एक सरदार पूर्वज आहेत, नामावळीत ते काही निघाले नाहीत.

तेव्हा धर्म जिथल्या तिथे आहे. सध्या एलिझाबेथचा माग काढायला मुंबईतल्या जुन्या चर्चांच्या १८३० च्या दशकातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी कुठे बघायला मिळतील, याची चौकशी करतोय. तुमच्या ओळखीचे कुणी फादर असतील तर सांगा.