इन्सुलिन सुटत नाही का?

नाही. सुटत नाही.

बावीस वर्षं मी एवढंच उत्तर देऊन पुढं सरकत आले. लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, एसटीत शेजारच्या सीटवरच्या मावशींना. जेवणाआधी पोटाला सुई लावताना कुणी पाहिलं की पहिला प्रश्न ‘दुखतं का?’ आणि दुसरा हाच. तिसऱ्याची वाट न बघता सांगून टाकते: लहानपणी मी गोडखाऊ नव्हते. मला भडंग आवडायचं. आणि त्याचा याच्याशी काही संबंधही नाही.

पण गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या एका बाईंचा रात्री साडेनऊला फोन आला. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला या पावसाळ्यात टाइप १ मधुमेह निघाला, माझ्यासारखाच. “मॅडम, डोस २२ वरून ९ वर आलाय हो! शुगरपण छान येतीय. आता सुटेल ना?” आवाज नुसता हरखलेला. आणि मी सवयीनं म्हणाले, “नाही, सुटत नाही.” पलीकडं शांतता. मग “बरं, ठेवते.”

तो ‘बरं’ काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लांबचं उत्तर. त्यांना, आणि एकदा शेवटचं तुम्हा सगळ्यांना.

आधी माझी बाजू. तुम्ही ‘सुटत नाही का?’ विचारता तेव्हा त्यात ‘सवय लागली’ हे गृहीत असतं. तंबाखूसारखं. माझ्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी माझ्याच शरीरानं शत्रू समजून मारल्या. कारखाना बंद पडलाय, म्हणून माल बाहेरून आणते. यात सवय कुठं आली? एका काकांनी ऐकवलं, “पूर्वी कुठं होतं इन्सुलिन? माणसं जगतच होती की.” नव्हती जगत, काका. टाइप १ झालेली मुलं उपाशी ठेवली जायची, कारण कमी खाल्लं तर महिने जरा वाढायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. तो मरणाच्या दारात होता. त्यानंतर १३ वर्षं जगला. माझ्यासारखीच्या दृष्टीनं ‘पूर्वी’ तिथं संपतं.

थायरॉईडचं वेगळं सांगत नाही. ती गोळी २७ व्या वर्षी सुरू झाली. त्याच शरीरानं दुसऱ्या वस्तीवर धाड घातली, इतकंच. पहाटे उपाशीपोटी गोळी आणि मग चहासाठी अर्धा तास घड्याळाकडं बघत बसणं. तीही कायमचीच. पण गोळीबद्दल ‘सुटत नाही का?’ कुणी फारसं विचारत नाही, ‘वजन त्यानंच वाढलं का?’ विचारतात. सुई दिसते, गोळी दिसत नाही. माझ्या मते निम्मा प्रश्न तिथंच आहे.

हेही कबूल करते की टाइप २ वाल्यांनी, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन बनवतं पण ते पुरं पडत नाही त्यांनी, हा प्रश्न विचारला तर तो रास्त आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गेल्या सहा वर्षांत टाइप २ निघालेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या लोकांनी कडक आहारानं वजन उतरवलं, आणि वर्षभरानंतर त्यांच्यातले ४६ टक्के औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. तेव्हा तुमचे मेहुणे दोनदाच जेवून गोळ्यांतून सुटले असतील तर मला आनंदच आहे. फक्त त्यांचा फोटो मला पाठवू नका.

आता त्या बाईंसाठी. डोस २२ वरून ९ वर का आला, ते मला जितकं नीट माहीत आहे तितकं क्वचितच कुणाला असेल.

जून २००३. मी एकोणीस वर्षांची, सांगलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. दीड महिन्यात आठ किलो उतरले, रात्री पाच वेळा उठायचे, उशाशी तांब्या नाही, कळशी. शुगर ४८६. इन्सुलिन सुरू झालं: तीस-सत्तरचं, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, दुधासारखं पांढरट, टोचण्याआधी बाटली तळहातांत फिरवून घ्यायची. सकाळी १८, रात्री १०. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एक वही घातली. ते एसटीत कंट्रोलर होते, वेळापत्रक हा त्यांचा धर्म. तारीख, वेळ, शुगर, डोस, सगळं रेघा मारून.

सप्टेंबरात मला घाम सुटून हातपाय थरथरायला लागले. शुगर ५८, ६२. डॉक्टरांनी डोस कमी केला. पुन्हा तेच, पुन्हा कमी. सकाळी ६, रात्री ४ वर आलो तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, “घाबरू नका, हा हनिमून पीरियड आहे.”

लग्न न झालेली मुलगी आणि तिचे वडील समोर बसलेत. अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले, मी वहीकडं. ‘म्हणजे काय, डॉक्टर?’ असं दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. घरी येईपर्यंत रिक्षात आम्ही एक शब्द बोललो नाही. त्या एका शब्दाच्या लाजेची किंमत मी पुढं मोजली.

अर्थ साधा आहे. आजार कळतो तेव्हा सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. बाहेरून इन्सुलिन आलं की उरलेल्यांना जरा विसावा मिळतो आणि त्या पुन्हा थोडं काम करायला लागतात. काही महिने, एखाद्याचं वर्षभर, कधी जास्तही. मग त्याही जातात. या दिवसांत तुम्ही पोरीला काहीही द्या, कारल्याचा रस, मेथीचं पाणी, गंडादोरा, ते लागू पडल्यासारखंच दिसणार. कारण शुगर तेव्हा उतरणारच असते.

माझ्या बाबतीत ती पुडी होती. ओळखीतून कळलेले एक गृहस्थ, घाटाखालच्या गावातले. कागदात बांधलेली करडी पूड, सकाळ-संध्याकाळ. ते म्हणाले, “महिन्याभरात सुई सुटेल.” अप्पांचा विश्वास नव्हता. माझा होता. हे मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. मी नेहमी सांगते, ‘घरच्यांनी एका वैदूकडं नेलं आणि त्यानं इन्सुलिन बंद करवलं.’ ऐकणारा हळहळतो, विषय संपतो. खरं असं आहे की मीच हट्ट करून गेले. आणि त्या गृहस्थांनी ‘सुटेल’ म्हटलं होतं, ‘सोड’ म्हटलं नव्हतं. त्यांना मोकळं सोडत नाहीये मी. पण सोडलं मी.

दिवाळीच्या आधी. आमच्याकडं मागच्या पडवीत बेसिन होतं, टोचायला मी तिथं जायचे. सिरिंज भरायची, सहाच्या रेघेपर्यंत, आणि बेसिनमध्ये रिकामी करायची. पांढरट तीन-चार थेंब, तेवढंच. बाहेर येऊन म्हणायचे, “सहा घेतलं.” अप्पा वहीत सहा लिहायचे. पहिले पंधरा दिवस शुगर खरंच चांगली होती: ११८, १२६, १३४. करंजी खाल्ली तरी दीडशेच्या आत. मला वाटलं, मी जिंकले.

मग आळस आला. सिरिंज भरायचाही कंटाळा केला आणि बाटलीतलं औषध तसंच राहिलं. एक दिवस ध्यानात आलं की बाटली एव्हाना संपत यायला हवी. मग एका संध्याकाळी उभी राहून सात-आठ वेळा सिरिंज काठोकाठ भरली आणि ओतली. इन्सुलिनला वास असतो, ज्यांना टोचावं लागतं त्यांना ठाऊक आहे: दवाखान्याचा, नव्या बँडेजचा. पडवीभर तो झाला. अप्पा हात धुवायला आले. “कसला वास गं?”

“फिनेल टाकलंय.”

ते बरं म्हणाले आणि हात धुऊन गेले.

डिसेंबरात तपासणं मी बंदच केलं, आकडे मनानं सांगायला लागले. पाणी पुन्हा जास्त पीत होते, ते मी थंडी कोरडी आहे म्हणून धरून चालले. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सर्दी-ताप आला, आणि आईबरोबर हळदीकुंकवाला गेले तिथून आल्यावर उलट्या सुरू झाल्या. आधी तिळगुळावर आळ गेला. गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. पहाटेपर्यंत पोट असं दुखायला लागलं की गुडघे छातीशी घेऊन पडले होते, आणि श्वास लांब लांब, खोल, जिने चढून आल्यासारखा, थांबतच नव्हता. आत्या वाकून म्हणाली, “हिच्या तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतोय.” शेजाऱ्यांच्या ओम्नीतून मिरजेला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, “इन्सुलिन शेवटचं कधी घेतलं?”

मी डोळे मिटून होते. अप्पा म्हणाले, “काल रात्रीच, साहेब. चार.”

त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी माझ्याकडं बघून. मी काही बोलले नाही. श्वासामुळं बोलवत नव्हतं, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. एक शब्द बोलवला असता.

शुगर ५१२, लघवीची कीटोनची पट्टी गर्द जांभळी. कीटोन म्हणजे इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून रक्तात साचणारी आम्लं. डॉक्टर आकड्यांवर चालतात म्हणून वाचले. सलाइन, इन्सुलिनचं ड्रिप, पोटॅशियम, दर तासाला बोटाला टोचणं. प्यायला काही नाही. सिस्टर ओला कापूस ओठांवरून फिरवायच्या, तो मी चोखायचे आणि त्या हळूच ओढून घ्यायच्या. तिसऱ्या रात्री त्यांनाच सांगितलं की तीन महिने मी घेतलेलंच नाही. त्या ओरडल्या नाहीत. “सकाळी राउंडला सांग,” एवढंच म्हणाल्या. मी सकाळी सांगितलं. अप्पा खाली चहाला गेले होते तेव्हा.

पुढं काका घाटाखाली जाऊन त्या गृहस्थांना वाट्टेल ते बोलून आले. पुड्यांचे ९०० रुपयेही परत आणले. मी ते घेतले. पुस्तकं घेतली त्यांची.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलीशी मी अजून भांडते. मी म्हणते, तू मूर्ख होतीस, विज्ञान शिकत होतीस आणि पुडी खात होतीस. ती म्हणते, विज्ञानच तर करत होते, सुई बंद केली आणि शुगर १२६ आली, आकडा समोर होता. मी म्हणते, विचारायचं होतंस. ती म्हणते, कुणाला? तू तरी आज विचारणाऱ्याला काय देतेस, तीन शब्द? इथं माझ्याकडं उत्तर नसतं. लग्न जुळवताना हे सगळं सांगून बसले, मुलीच्या वेळी डोस तिपटीवर गेला तोही निभावला, रोज चार वेळा टोचते. पण २०२५ च्या जूनमध्ये मूळपेशींपासून (स्टेम सेल) तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिलेल्या टाइप १ च्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानं सुटलेलं होतं, ही बातमी मी रात्री दोनला पुन्हा पुन्हा वाचली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना घ्यावी लागतात, हे कळूनसुद्धा वाचली. म्हणजे तुम्ही विचारता तेच मी विचारतेय.

बाई, तुमच्या मुलीचे ९ युनिट चालू ठेवा. शून्यावर आणायचा विचार डॉक्टरांशिवाय करू नका. ताप, उलटी असेल तर लघवीत कीटोन बघा, आणि ती खात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका. आणि या चांगल्या दिवसांचा आनंद जरूर घ्या. मी तो तुमच्याकडून फोनवर काढून घ्यायला नको होता.

अप्पा आता ७४ चे आहेत. त्यांना टाइप २ आहे, गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन लिहून दिलं. पेन तीन आठवडे फ्रीजच्या दारात आहे, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी, सील न फोडलेलं. परवा मी चिडले. त्यांनी शांतपणे विचारलं, “एकदा सुरू केलं की सुटत नाही म्हणतात. खरं का?”

मी म्हटलं, “तुम्हीसुद्धा? तुम्ही वही लिहीत होता, अप्पा. मी सोडल्यावर काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.”

ते बराच वेळ पेपरच्या घड्या घालत राहिले.

“फिनेल त्या महिन्यात आणलंच नव्हतं आपण,” म्हणाले.