राखेची राखण

इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यना या ध्यानपद्धतीच्या १० दिवसांच्या शिबिराला गेले होते. त्यातलं सगळ्यात ठळक काय आठवतं, तर माझा डावा गुडघा. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा माझा हा गुडघा रांगतही नव्हता. पहाटे ४ ला घंटा. पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ ‘अधिष्ठान’ आलं. दिवसातून तीनदा, तासभर, हातपाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचं. विसाव्या मिनिटाला गुडघ्यात ठिणगी पडली, तिसाव्याला चूल पेटली, चाळिसाव्याला होळी. ही वेदना अनित्य आहे, तिच्याकडे तटस्थपणे बघा, अशी सूचना. बघत होते. जायचं नाव घेईना.

दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर भोजनगृहात जो गलका उडाला, तो ऐकून मात्र थेट आमच्या गावचा शिमगाच आठवला.

गाव म्हणजे सासरचं, राजापूर तालुक्यातलं. फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, रोज रात्री एक छोटी होळी, आणि शेवटी मोठा होम. कुठे त्रयोदशीला होणारे तेरसे शिमगे, कुठे पौर्णिमेला होणारे भद्रेचे. कोणाचे खरे यावर वाद घालू नये, कारण पालखी नाचवणारे खांदे वाद घालायलाही तितकेच मजबूत असतात. रानातून होळीचं झाड खांद्यांवरून येतं, ढोल वाजतात, पुरुष बोंबा मारतात. झाड उभं राहिलं, भोवती गवत आणि पेंढा रचला, की गाऱ्हाणं. मुंबईच्या चाकरमान्यांपासून गोठ्यातल्या वासरापर्यंत सगळ्यांना सांभाळ, म्हणून देवाला विनवायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावानं मिळून ‘होय महाराजा!’ म्हणायचं. ज्याचं लक्ष भरकटलं त्याचा ‘महाराजा’ एकटाच मागे राहतो आणि त्याच्याकडे शंभर माना वळतात. मन भटकलं तर हळुवारपणे परत आणा, असं शिबिरात सांगतात. गावात हळुवारपणाची भानगड नाही.

शिबिराहून आल्यावर मी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या रविवारच्या ध्यानवर्गात जाऊ लागले. गेल्या वर्षी तिथे टूम निघाली की यंदा होळीभोवती बसून सामूहिक ध्यान करायचं. कल्पना वाईट नव्हती. गच्चीवरच्या योगा मॅट खाली आल्या. समितीनं होळीची उंची दोन फूट ठरवून दिली, शेजारी वाळूच्या दोन बादल्या. होळी गोवऱ्यांची. गोवऱ्या तडतडत नाहीत, बिचाऱ्या मुकाट धुमसतात. म्हणून कुणीतरी ब्लूटूथ स्पीकरवर लाकडं तडतडण्याचा आवाज लावला. समोर खरी आग आणि कानात भाड्याची! धुरानं सगळ्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारच्या काकूंना वाटलं की आपल्याला काहीतरी आध्यात्मिक होतंय. मी एक डोळा किलकिला केला. पस्तीस माणसांत डोळे उघडे ठेवून आगीकडे बघणारा एकच होता. वाळूच्या बादलीशी उभा असलेला आमचा वॉचमन.

यंदा मी गावी गेले.

होम पेटला, नारळ पडले, पालखी नाचली, मध्यरात्र उलटली आणि गर्दी पांगली. झाडाचा खालचा बुंधा अजून जळत होता. या दिवसांत डोंगराचं गवत पार वाळलेलं असतं, काजू धरलेले असतात. एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर सकाळपर्यंत अख्खी बाग कोळसा. म्हणून चारपाच म्हातारे मागे थांबतात. त्याला कुणी नाव दिलेलं नाही, विधी म्हणत नाहीत. ‘राखणीला बसलेत’ एवढंच. माझी झोप उडाली होती, मीही एका चिऱ्यावर जाऊन बसले.

कुणी बोलत नव्हतं. आंब्याचं ओलं लाकूड जळताना कापलेल्या टोकातून पाणी फेसाळत बाहेर येतं आणि बारीक शीळ घालतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आत कोंडलेली वाफ फुटली की लाकूड तडकतं आणि ठिणग्यांचा झुबका उडतो. तेवढ्यापुरत्या सगळ्या माना एकदम वर, ठिणग्या विझेपर्यंत त्यांच्या मागे, मग पुन्हा खाली. वारा फिरला की एक जण उठून लांब दांड्यानं ओंडका आत सारायचा आणि पुन्हा जागेवर बसायचा. दांडा कुणी उचलायचा हे ठरलेलं नव्हतं, पण कधी दोघं एकदम उठले नाहीत. राखेखालचा निखारा झुळूक आली की लाल व्हायचा, गेली की राखाडी. त्या लयीत माझा श्वास आपोआप संथ झाला, तेव्हा शिकलेलं आठवून मी पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

“काय गो सूनबाई, झोपलीस?” माझे चुलत सासरे, अण्णा.

“नाही अण्णा, ध्यान करतेय.”

“डोळे मिटून?” अण्णांना खरंच कोडं पडलं होतं. “नि ठिणगी गेली म्हणजे?”

बाकीचे खुदखुदले. “बरं ध्यान आहे,” अंधारातून कुणीतरी म्हणालं. ते ध्यान म्हणजे मी, की माझं ध्यान, हे मी विचारलं नाही.

डोळे उघडले आणि बसले. मला बुद्धाच्या गोष्टीतले ते हजार जटिल, म्हणजे जटाधारी तपस्वी, आठवले. उरुवेल, नदी आणि गया या तीन कस्सप भावांचे हे शिष्य, अग्नीची पूजा करणारे. गयेजवळच्या गयासीस टेकडीवर बुद्धानं त्यांना सांगितलं की सगळं जळतं आहे, डोळा जळतो आहे, डोळ्याला दिसणारं जळतं आहे. आदित्तपरियाय सुत्त म्हणतात ते हेच. वाचलं होतं तेव्हा मला ते फार काळोखं वाटलं होतं. पण ऐकणारे कोण होते? वारा कुठून सुटला की काय पेटतं, हे हाताला ठाऊक असलेली माणसं. त्यांना ‘जळतं आहे’ म्हटल्यावर घाबरायला झालं नसणार. ती सावरून बसली असतील.

गुडघा दुखतच होता. पण मध्येच ठिणगी उडायची आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात त्याची पाळी चुकायची.

फटफटल्यावर बायका हंडे घेऊन आल्या. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात, तरी पहाटे अंगावर काटा होता. होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवायचं आणि त्यानं घरादारानं आंघोळ करायची, ही आमच्याकडची रीत. अण्णांनी दांड्यानं राख उकरली, आत लालभडक इंगळ अजून होते. पहिला हंडा तापला तसा त्यांनी एक तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

“हे घे, गुडघ्यावर घाल. रात्रभर चोळत होतीस.”

माझा हात गुडघ्यावर होता, हे मला माहीतच नव्हतं.