दर दोन फेऱ्यांना एक पिक्सेल

सापडला! माझ्या गेममधलं जहाज गोल फिरून निघाल्या जागी परत येत नव्हतं, त्यामागचा चोर. मागच्या नोंदीत ‘जहाज बहुधा इंटरप्टमुळे सरकतंय’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं, ते मागे घेतो. इंटरप्ट (चालू कोड मध्येच थांबवून दुसरं काम करायला लावणारा संकेत) बिचारा निर्दोष आहे. चोर माझ्याच असेंब्लरमध्ये (गेमचा कोड आणि टेबलं मशीनच्या बाइटमध्ये बदलणारा, मी सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम) होता, तोही पहिल्या आठवड्यात लिहून विसरून गेलेल्या एका ओळीत.

लक्षण असं. दर फ्रेमला कोन एकने पुढे, टेबलातला कोसाइन एक्समध्ये मिळवायचा, साइन वायमध्ये, सगळं ८.८ मध्ये (१६ बिटांचा फिक्स्ड आकडा: ८ बिट पूर्णांकाला, ८ अपूर्णांकाला, म्हणजे १.० चे २५६). २५६ फ्रेमनंतर जहाज निघालं त्याच ठिपक्यावर परत यायला हवं. ते यायचं नाही. दर दोन फेऱ्यांना एक पिक्सेल उजवीकडे, एक खाली. डीआय टाकून इंटरप्ट बंद केले तरी तेवढंच. इंटरप्टने रजिस्टर बिघडवलं असतं तर घोळ इतका शिस्तीत झाला नसता, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी फेरी संपते तिथे प्रोग्राम थांबवणारा ब्रेकपॉइंट लावला. एक्सची सुरुवात हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ८०००, म्हणजे बिनचिन्हाचा बरोबर १२८. एका फेरीनंतर ८०७एफ. आता ७एफ दिसल्यावर कुणाच्याही डोक्यात आधी चिन्हाचा बिटच येणार. मी दोन संध्याकाळी सगळ्या कोडमध्ये ‘अँड ७एफ’ (तो बिट पुसणारा मास्क) शोधत साप साप म्हणून भुई धोपटत बसलो. दुसऱ्या फेरीनंतरचा आकडा बघायची तसदी घेतली असती तर हे वाचलं असतं, कारण तो होता ८०एफई. म्हणजे मास्कबिस्क काही नाही, साधी बेरीज. दर फेरीला १२७ जास्त. (मी वापरतो त्या एम्युलेटरचा वॉच पॅनेल १६ बिटांचे आकडे फक्त बिनचिन्हाचे दाखवतो, -१ ला ६५५३५. टेबल त्यात न्याहाळणं म्हणजे शिक्षा. मी आता सरळ फाइल एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या साधनातून बघतो, बाइट आहेत त्या क्रमाने दिसतात.)

मग टेबलाचीच बेरीज केली. साइनच्या २५६ नोंदींची बेरीज शून्य यायला हवी. आली १२७. आणि टेबलात ऋण नोंदी किती? १२९ ते २५५. मोजा. १२७! एकूण एक ऋण नोंद एकने चुकलेली.

ओळ अशी होती: २५६ ने गुणा, ०.५ मिळवा, इंटमध्ये कास्ट करा (म्हणजे पूर्णांकात बदला). गुणाकारात काही बिघडत नाही; २५६ हा दोनचा घात, त्यामुळे डबलचा (सीमधल्या दशांश संख्येचा) फक्त घातांक बदलतो, एकही बिट हरवत नाही. घोळ कास्टमध्ये. सीमधला कास्ट शून्याच्या दिशेने तोडतो. -२.७ मध्ये ०.५ मिळवले की -२.२, तोडले की -२. हवे होते -३. त्याहून लाजिरवाणी गोष्ट -१.० ची: -२५६ अधिक ०.५ म्हणजे -२५५.५, तोडून -२५५. जिथे राउंडिंगची गरजच नाही तिथेही चूक. एफएफ०० च्या जागी एफएफ०१.

पण मग -१.० ची टेस्ट इतके दिवस पास कशी होत होती? इथे मी खरंच डोकं धरून बसलो. माझा लेक्सर (असेंब्लरचा मजकूर वाचून तुकडे पाडणारा भाग) १.० दिसलं की तिथल्या तिथे त्याचे २५६ करून टाकायचा आणि उणे चिन्ह नंतर त्या पूर्णांकावर लागायचं. त्यामुळे हाताने लिहिलेली ऋण संख्या नेहमीच बरोबर. कन्व्हर्ट करणाऱ्या फंक्शनच्या हातात खरीखुरी ऋण संख्या पहिल्यांदा पडली ती मी साइन फंक्शन जोडलं तेव्हा.

आता तिथे सीचं राउंड हे फंक्शन आहे. कास्टच्या जागी फ्लोअर (नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेणारं फंक्शन) वापरूनही भागलं असतं, पण त्यात २.५ चे ३ होतात आणि -२.५ चे -२. मला दोन्ही बाजूंना आरशासारखं वागणारं हवं. रिंट हे फंक्शन नको, ते चालू राउंडिंग मोडवर अवलंबून, आणि असेंब्लरचं आउटपुट अशा कशावर अवलंबून असणं मला पटत नाही.

राउंडिंगला हात लावलाच होता, तर आणखी एक भोक दिसलं. १२८ च्या आत आहे का ही तपासणी मी राउंड करण्याआधी करत होतो. १२७.९९९ त्यातून आरामात सुटतो, २५६ ने गुणल्यावर ३२७६७.७४४ होतो, राउंड होऊन ३२७६८, म्हणजे हेक्समध्ये ८०००, म्हणजे चिन्ह धरून वाचला की -१२८. जहाज सगळ्यात वेगाने उलट्या दिशेला! तपासणी आता राउंड केल्यानंतर, पण इंटमध्ये टाकण्याआधी. कारण न मावणारा डबल कास्ट केला तर काय होईल याची सी काहीच हमी देत नाही.

१६.१६ चं (३२ बिटांच्या फिक्स्ड आकड्यांचं) काम या आठवड्यात घेणार होतो, ते पुढे ढकललंय. आधी लेक्सरमधलं रूपांतर उपटून काढतो. किंमत एक्स्प्रेशनभर डबलच राहील आणि अगदी शेवटी, डायरेक्टिव्हपाशी (आकडा बाइटमध्ये मांडायला सांगणाऱ्या ओळीपाशी), एकदाच फिक्स्ड होईल. नाहीतर १.५ गुणिले २.० चे आत्ता ३८४ गुणिले ५१२ होतात, आणि ते १६ बिटांत मावत नाही. लेबलं (पत्त्यांची नावं) पूर्णांकच राहतील; डबलवर शिफ्ट किंवा अँड केलं तर सरळ एरर.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: लिस्टिंगमध्ये (असेंब्लर छापतो त्या यादीत) प्रत्येक फिक्स्ड आकड्यापुढे त्याची खरी किंमत छापायची. गुरुत्वाकर्षणासाठी मी ०.१ लिहितो, पण ८.८ मध्ये तो २६ होऊन बसतो, म्हणजे ०.१०१५६२५. दीड टक्क्याहून जास्त फरक, आणि उडीची उंची जुळेना म्हणून मी महिनाभर भलतेच आकडे चाळवत होतो. हे आज रात्रीच करतो, लेक्सर उद्या.

जहाज तासाभरापासून फिरतंय. एक्स ८०००.