आमची वाटचाल : कॅसेटच्या दुकानापासून व्हिडिओ कन्वर्जनपर्यंत

चोपड्यात वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं, मग सीडी आल्या, मग रिचार्ज आलं, आणि २००८ च्या आसपास जळगावच्या गोलाणी मार्केटमधून चायनाचे एमपीफोर प्लेयर, म्हणजे खिशात मावणारे व्हिडिओ प्लेयर, आणून आम्ही विकायला लागलो. दीड-दोन इंची स्क्रीन, खाली गोल बटण, आणि डब्यात कन्वर्टरची, म्हणजे व्हिडिओचा फॉरमॅट बदलायच्या सॉफ्टवेअरची, एक छोटी सीडी. घेणारे जास्त करून केळीच्या गाडीवरचे ड्रायव्हर. आता गंमत बघा, डब्यावर एमपीफोर लिहिलेलं पण एमपीफोर फाईल टाकली तर बऱ्याच पीसवर चालायचीच नाही, त्यांना एएमव्ही नावाच्या दुसऱ्याच फॉरमॅटची फाईल लागायची, ती पण त्यांच्याच मापाची, कोणाला १६० बाय १२० तर कोणाला १२८ बाय १२८. माप चुकलं की फॉरमॅट एरर.

मग लोक प्लेयर घेऊन परत यायला लागले. "भाऊ, आवाज येस पन चित्र दिखत नही." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की कोण आलं ते न बघता उत्तर द्यायचो. फाईलच्या नावामागचं डॉट एव्हीआय, डॉट एमपीफोर हे फक्त पेटीवरचं लेबल असतं, आत व्हिडिओ कुठल्या कोडेकमध्ये, म्हणजे लहान करून साठवायच्या कुठल्या पद्धतीत आहे आणि ऑडिओ कुठल्या, यावर सगळं अवलंबून. ऑडिओ एमपीथ्री असला तर प्लेयर तेवढा वाजवतो, व्हिडिओचा कोडेक त्याला झेपला नाही की काळी स्क्रीन. कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाचं सॉफ्टवेअर जवळपास सगळं चालवतं म्हणून गिऱ्हाईकाला वाटतं प्लेयर खराब आहे.

तेव्हा मार्केटला मेमरी कार्डात पिक्चर भरून देणारे ढीगभर होते, ते काम कायद्यात बसत नाही म्हणून आम्ही त्यात पडलो नाही, आम्ही लोकांच्या घरच्या सीडी त्यांच्या प्लेयरवर चालतील अशा करून द्यायला घेतल्या. लग्न, साखरपुडा, जाऊळ. आणि एक वही केली, प्रत्येक मॉडेलचं एक पान. आयपॉडचं पान वेगळं, स्क्रीन ३२० बाय २४०, एच२६४ कोडेक घेतो पण त्याचा सगळ्यात साधा प्रकारच, बेसलाइन प्रोफाइल, आणि नुसती कॉपी करून चालत नाही, आयट्यून्समधून टाकावं लागतं. पीएसपी, म्हणजे सोनीचा हातातला गेम, ४८० बाय २७२. साधे मोबाईल थ्रीजीपी, १७६ बाय १४४. ही वही म्हणजेच आमचा धंदा, सॉफ्टवेअर काय, एफएफएमपेग आणि हँडब्रेक हे कन्वर्टर कोणालाही फुकट मिळतात.

दुसरं म्हणजे आम्ही आधी एक मिनिटाचा तुकडा बनवून गिऱ्हाईकाच्याच प्लेयरवर चालवून दाखवतो, मग पूर्ण काम. त्यात नाचाचा भाग मुद्दाम घेतो, कारण जुनी शूटिंग इंटरलेस असते, म्हणजे एका चित्रात एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणाच्या असतात, त्या नीट जुळवून डीइंटरलेस केलं नाही तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात. आणि रुंद शूटिंग चौकोनी स्क्रीनवर दाबून बसवली की नवरदेव बांबूसारखा उंच दिसतो, त्यापेक्षा वर-खाली काळ्या पट्ट्या परवडल्या. साइज आधीच सांगता येतो : व्हिडिओ ७०० आणि ऑडिओ १२८ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) धरला तर घंट्याला साधारण ३७० एमबी, म्हणजे तीन घंट्याचं लग्न २ जीबीच्या कार्डात आरामात बसतं.

सगळ्यात जास्त छळलं लोडशेडिंगने. रात्री एन्कोडिंग, म्हणजे नवीन फाईल बनवायचं काम, लावून जायचं, पहाटे लाईट गेली की फाईल बाद. एमपीफोर फाईलचा इंडेक्स, म्हणजे आत काय कुठे आहे त्याची यादी, साधारणपणे शेवटी लिहिला जातो, मधेच बंद पडलं तर नव्वद टक्के झालेलं काम सुद्धा उघडत नाही. इन्व्हर्टर नंतर घेतला, पण त्याआधी आम्ही एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या पेटीत बनवायला लागलो, त्यात अर्धवट फाईल पण उघडते, किती झालं ते कळतं, पुढचा भाग वेगळा करून जोडायचा आणि शेवटी आतला व्हिडिओ तसाच ठेवून फक्त पेटी बदलून एमपीफोर करायची, त्याला दोन-चार मिनिटं पुरतात.

पुढं शिरपूर, यावल, अमळनेरचे फोटोग्राफर एकगठ्ठा काम द्यायला लागले. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि कार्ड भरणाऱ्यांच्या दुकानासमोरची गर्दी हळूहळू गायब झाली, एमपीफोर प्लेयर तर त्याआधीच गेले होते. आमचं काम उलट वाढलं, कारण लोकांच्या घरी व्हीएचएस आणि मिनीडीव्ही या जुन्या व्हिडिओ टेप पडून होत्या आणि चालवायला मशीन नव्हतं. मिनीडीव्हीची एक घंट्याची टेप कॉम्प्युटरवर घेतली की १३ जीबी होते, हे ऐकून सगळेच दचकतात.

आता नवीन फोनवाले येतात, मोबाईलवर चालतं पण टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की चालत नाही. फोन एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये शूट करतो, जुन्या टीव्हीला तो माहीतच नाही. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यात बसतच नाही, ती तोडून द्यावी लागते.

काम घेऊन येताना प्लेयर, गाडीचा स्टिरिओ असेल तर गाडी, टीव्ही असेल तर निदान त्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणा, आणि प्लेयरचा चार्जर विसरू नका, जुन्या पिनचे आमच्याकडे पण मिळत नाहीत.