जुन्या पीसीला आवाज फुटला
भंगारातून उचललेला पेंटियम फोर प्रोसेसरचा पीसी आज मार्गी लागला. रॅम, हार्डडिस्क पटकन बसली. वेळ खाल्ला तो ऑडिओच्या वायरींनी. जुन्या सीडी ड्राइव्हच्या मागे आवाजासाठी चार पिनांचं सॉकेट असतं: कडेला डावा आणि उजवा स्पीकर, मधे दोन ग्राउंड (परतीच्या तारा). तिथून बारीक केबल मदरबोर्डवरच्या (पीसीच्या मुख्य बोर्डावरच्या) 'सीडी इन' सॉकेटला जाते. ती नसली तर जुन्या विंडोजमध्ये गाण्याची सीडी गरगर फिरते, आवाज शून्य. माझा बोर्ड एसी ९७ या जुन्या ऑडिओ पद्धतीचा. त्यात डब्याच्या पुढच्या हेडफोन जॅकची वायर जोडायची नसेल तर त्या वायरीसाठीच्या ५-६ आणि ९-१० या पिनांवर जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) हवेतच, नाहीतर मागचे स्पीकरही मुके! ते लावले आणि लतादीदींचा आवाज दोन्ही स्पीकरमधून स्वच्छ आला. किती बरं वाटलं! कुणाकडे अशी सीडी ऑडिओ केबल पडून असेल तर कृपया फेकू नका, मला कळवा.