नकाशावर हिरवी, कामाला अडलेली

तक्रारीच्या नोंदीत एवढंच लिहिलं होतं : ‘स्पीड बरोबर येतो, पण काम होत नाही.’ अशा तक्रारी सहसा फोनवरच मिटतात. स्पीड टेस्ट करायला सांगायचं, आकडा आला की तिकीट बंद. हे तिकीट मात्र पुन्हा पुन्हा उघडलं जात होतं आणि या वेळी सोबत कनेक्शन तोडण्याचा अर्जही होता. नेटवर्कची देखभाल हे माझं काम. चांगल्या स्पीडवर बसलेला व्यावसायिक ग्राहक कनेक्शन का सोडतोय, हे फोनवर कळणार नव्हतं, म्हणून गेलो.

औद्योगिक वसाहतीच्या टोकाला ड्रोन सर्वेक्षणाचं छोटं युनिट होतं. खाणी, रस्ते, कालवे यांचे वरून फोटो काढायचे आणि दूरच्या सर्व्हरवर चढवायचे. तिथे ते फोटो एकमेकांना जोडून उंचसखल दाखवणारा नकाशा तयार होतो. काम करणारी सगळी मुलंमुली आसपासचीच. युनिट चालवणाऱ्या मॅडम थेट मुद्द्यावर आल्या. “सर, अर्धी टीम आम्ही शहरात हलवतोय. मनात नाही, पण इथून जमत नाही. ज्यांना घर सोडून जाणं शक्य नाही, त्यांचं काय करायचं तेवढं ठरायचंय.”

टेस्ट लावली. डाउनलोड २८ एमबीपीएस, अपलोड २. आमच्या कव्हरेजच्या नकाशावर ही वसाहत हिरव्या रंगात आहे. हिरवा म्हणजे ब्रॉडबँड पोचलं. तो रंग ठरतो डाउनलोडवर.

मग त्यांच्याच टेबलावर बसून हिशेब केला. एका उड्डाणाचे साधारण ८०० फोटो, मिळून ६ जीबी. एका बाइटचे आठ बिट, म्हणून आठने गुणलं की ४८,००० मेगाबिट. २ च्या वेगाने २४,००० सेकंद, म्हणजे ६ तास ४० मिनिटं, तेही लाइन मध्ये एकदाही तुटली नाही तर. हेच १०० च्या अपलोडवर ८ मिनिटांचं काम.

“दिवसा अपलोड लावून दाखवा,” म्हटलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने आधी दुसऱ्या खोलीत ओरडून विचारलं, “कुणाचा कॉल चालू नाही ना?” तेव्हाच अंदाज आला. मी लॅपटॉपवर पिंग, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो याची मोजणी, चालू ठेवलं होतं. १८, १९, १८ मिलिसेकंद असे आकडे येत होते. अपलोड सुरू झालं तसे ते शंभराच्या वर गेले, मग चारशे, मग नऊशेच्याही पुढे, आणि तिथेच राहिले. बारीक नळीत फोटोंची रांग लागली की कॉलचे, ईमेलचे, अगदी डाउनलोडची पोच देणारे डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटही त्या रांगेत मागे उभे राहतात. २८ चं डाउनलोड असूनसुद्धा साधं वेबपेज उघडेना. म्हणून या ऑफिसात दिवसा अपलोडला बंदी होती. फोटो रात्री चढायचे.

खरं नुकसान इथे होतं, आणि ते मला मॅडमनी समजावलं. शेजारच्या फोटोंमध्ये पुरेसा भाग सामाईक नसला की जोडणीत भोक पडतं. ते भोक सकाळी निकाल आल्यावर दिसणार. तोवर टीम साइटवरून परतलेली, ऊन-सावली बदललेली. परत जाऊन पुन्हा उड्डाण करायचं आणि पुन्हा एक रात्र थांबायचं. शहरातले त्यांचे स्पर्धक फोटो लगेच चढवतात, टीम साइटवर असतानाच चूक कळते आणि बॅटरी बदलून तेवढाच पट्टा परत उडवतात. त्यांच्या दिवसाला तीन फेऱ्या होतात, यांची एकच. मुलांच्या कौशल्यात कुठेही कमी नव्हतं. ऑर्डर मात्र तिकडे जात होत्या.

इतकी वर्षं मी एमबीपीएसमध्ये बोलत आलो, पण धंदा फेऱ्यांवर चालतो. काम पाठवलं, चूक कळली, दुरुस्त केलं, परत पाठवलं, अशी आवर्तनं दिवसात किती होतात यावर ठरतं की ते काम इथे राहील की निघून जाईल. मग ती ड्रोन टीम असो, सीटी स्कॅन दूरच्या डॉक्टरकडे पाठवणारं केंद्र असो की व्हिडिओ एडिटिंग करणारं दोन माणसांचं ऑफिस. या सगळ्यांचा माल बाहेर जातो, म्हणजे अपलोडवर जातो.

दुपारी लाइन तपासली. फायबर वसाहतीच्या केबिनेटपर्यंतच, म्हणजे जिथून जोडण्या वाटल्या जातात त्या पेटीपर्यंतच होतं, तिथून पुढे सव्वा किलोमीटर तांब्याच्या तारांची जुनी जोडी. मॉडेमचा लॉग काढला तर मध्यरात्रीनंतर सिंक, म्हणजे मॉडेमचा केबिनेटशी जुळलेला दुवा, वारंवार तुटत होता. एका जॉइंटमध्ये ओल शिरली होती आणि त्यांचं सॉफ्टवेअर लाइन तुटली की पहिल्या फोटोपासून सुरू करायचं. जॉइंट उघडून नव्याने बांधला, तुटणं थांबलं. अपलोड दोनच्या वर जाईना, आणि जाणारही नव्हतं. तांब्याच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या व्हीडीएसएल या तंत्रात अपलोडचे मोठे पट्टे उंच फ्रिक्वेन्सीवर असतात आणि तांब्यात अंतर वाढलं की आधी उंच फ्रिक्वेन्सीच मरतात. उपाय एकच, फायबर थेट युनिटपर्यंत. जीपीऑन, म्हणजे एक फायबर अनेक ग्राहकांत वाटण्याच्या तंत्रात, एका फायबरवर अपलोडला सुमारे १.२४ जीबीपीएस मिळतात. ते ३२ जणांत वाटले आणि सगळ्यांनी एकाच क्षणी फोटो चढवायला घेतले, तरी प्रत्येकाला तीसहून अधिक एमबीपीएस उरतात.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायला बसलो, तेव्हा फॉर्ममध्ये अपलोडचा रकानाच नव्हता. शेऱ्यात लिहिलं आणि जोडीला अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाची उदाहरणं दिली. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची तिथली पातळी २०१० मध्ये डाउनलोड ४, अपलोड १ होती. २०१५ मध्ये २५ आणि ३, तर २०२४ मध्ये १०० आणि २०. २०१५ च्या वाढीत अपलोड फार मागे पडलं होतं, ते २०२४ मध्ये बरंचसं भरून काढलं. आपण मोजतच नसू तर भरून काय काढणार?

फायबर मंजूर झालं आणि ओढलं गेलं. टीम हलली नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तातडीचं काम असलं की एक मुलगा हार्ड डिस्क घेऊन मोटरसायकलवर शहरात जायचा. फायबर आलं त्या आठवड्यातच त्याचं काम संपलं. नॉर्वेतल्या कंपन्यांवरचा २०१५ चा एक अभ्यास मला ठाऊक आहे : ब्रॉडबँड आल्यावर कुशल कामगारांचा फायदा झाला आणि ठरावीक साच्याचं काम करणाऱ्यांची जागा तंत्राने घेतली. आफ्रिकेत समुद्राखालच्या केबल आल्यावर काय झालं, यावरचा २०१९ चा अभ्यास वेगळं सांगतो : वेगवान इंटरनेटने रोजगार वाढला, कमी शिकलेल्यांचासुद्धा. मला दोन्ही पटतात. केबल तीच असते, ती कुठे, कोणत्या कामांत आणि कोणत्या माणसांत येऊन पडते यावर पुढचं ठरतं. मॅडमनी त्या मुलाला फोटोंमधले खुणेचे बिंदू जुळवायला शिकवलं. ते त्यांनी आपणहून केलं. आमच्या कोणत्याही योजनेत त्यासाठी ओळ नव्हती आणि ती असायला हवी, असं मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मांडतो.

त्याच केबिनेटवर अजून बरीच युनिटं तांब्यावर आहेत. कुणाला आधी फायबर द्यायचं याची यादी तक्रारींच्या संख्येवरून बनायची. ती मी बदलून मागितली आहे : प्रत्येक युनिटला अपलोड किती मिळतो, रात्रीत लाइन किती वेळा तुटते आणि तिथल्या किती जणांचं काम बाहेर पाठवण्यावर अवलंबून आहे. पहिले दोन आकडे आमच्याच लॉगमधून निघतात. तिसऱ्यासाठी दारोदार जाऊन विचारावं लागतं आणि ते काम सुरू झालं आहे.