तापीकाठचा माणूस समुद्रात कसा?

"तुम्ही शिंदखेड्याकडचे ना? मग शिडाच्या बोटींचा नाद कुठून लागला?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर दात काढून घेताना, तोंड उघडं असतानाही विचारला गेलाय. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

मामाच्या गावी जायचं तर मध्ये तापी आडवी. दसऱ्यानंतर पूर ओसरला की नाव चालू व्हायची. नावाडीबाबा समोरच्या घाटाकडे नाव सरळ कधीच नेत नसत. घाटाच्या बऱ्याच वर, काठावर एक बाभूळ होती, तिच्यावर नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, धरायचे. मला वाटायचं, म्हातारा चुकतोय. पण पाणी नाव खाली ढकलत न्यायचं आणि ती घाटालाच टेकायची. पुढे नौकानयनाच्या वर्गात प्रवाहाचा हा हिशेब नकाशावर पट्टी-पेन्सिलीने शिकवला, तेव्हा उत्तर माझं सगळ्यांआधी आलं. मास्तरांना बाभूळ काय सांगणार?

सैन्यात भरती झालो. हैदराबादला असताना हुसेनसागरावर लेझर जातीची बोट हाती आली. जेमतेम चौदा फूट, एक शीड, एक माणूस. पहिल्या आठवड्यात शिडाखालचा आडवा दांडा डोक्यात बसला, दोनदा बोट उलटली. वारा समोरून असला तर बोट त्याच्या तोंडावर जात नाही. साधारण 45 अंश एका बाजूला, मग तेवढीच दुसऱ्या बाजूला, अशी नागमोडी नेत वारा जिकडून येतो तिकडेच पुढे सरकायचं. हे हाताला कळलं त्या दिवशी मी गेलोच कामातून.

पुढे मोठ्या बोटी आल्या, कप्तानकी आली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा वगैरे माझं काम नव्हे. ती 2009-10 मध्ये नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून केली. माझी धाव गोवा, कोची, फार तर लक्षद्वीप.

लोकांना वादळाच्या गोष्टी हव्या असतात. वादळात भीती वाटते, पण हाताला काम असतं: शीड आखडा, कमरेची दोरी बोटीला अडकवा, सुकाणू सोडू नका. खरा कस लागतो वारा पडल्यावर. लक्षद्वीपच्या वाटेवर एका एप्रिलात तीन दिवस शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. पाणी तेलासारखं. माणशी तीन लिटर गोडं पाणी, तेही मापाने. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची. मुंबईची पोरं एकमेकांवर खेकसायला लागली. मला मात्र घरी आल्यासारखं वाटत होतं. 1972 च्या दुष्काळात आमच्या घरात एका कळशीत कितीजणांचं भागायचं, ते मी पाहिलं होतं. वडील आभाळाकडे बघून शिव्या घालायचे आणि लगेच औताच्या दोऱ्या वळायला बसायचे. मीही पोरांना दोऱ्या तपासायला बसवलं. चौथ्या पहाटे वारा आला.

मी बोटीवर नेमकं काय करतो, हे आईला कधी उमगलं नाही. पहिल्या लांबच्या सफरीआधी तिने वादळाचं काही विचारलं नाही, माशांचंही नाही. एवढंच म्हणाली, "इतलं पानी शे तठे, पन पेवानं भेटस का रे?"

"मोजीसन भेटस," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि बरोबर द्यायला दादर ज्वारीच्या भाकरी थापायला घेतल्या.